भजनी मंडळाचं पहिलं स्टुडिओ रेकॉर्डिंग : जाण्याआधी काय तयारी करावी?

खाडीपलीकडचा

नमस्कार मंडळी. आमचं देवगड तालुक्यातलं भजनी मंडळ. गणपतीत, हरिनाम सप्ताहात बसतोच, बोलावणं आलं तर डबलबारीही (दोन बुवांचा भजनाचा सामना) करतो. यंदा गावच्या मुंबईकरांनी हट्ट धरलाय की गणपतीच्या आधी चार चीजा नीट रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायच्या. पैसेही तेच घालतायत, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नाही. कोल्हापूरचा एक स्टुडिओ ठरलाय, एका दिवसासाठी. एक रूपावली (देवाच्या रूपाचं वर्णन), एक अभंग, एक गौळण आणि शेवटी चढत्या लयीतला गजर. बुवा स्वतःच पेटी वाजवतात. पखवाज, झांज आणि कोरस.

आजवर आमचं रेकॉर्डिंग म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलवर, किंवा साउंडवाल्याने मिक्सरमधून काढून दिलेलं. स्टुडिओवाल्याने फोनवर विचारलं, पट्टी कुठली, टेम्पो किती आणि लाइव्ह घ्यायचं की ट्रॅकवर? पट्टी सांगितली, पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी 'सा' धरून. टेम्पोचं बुवांना विचारलं तर म्हणाले, "पखवाजवाल्याला विचार." पखवाजवाला म्हणाला, "बुवा जसे जातील तसा." आता स्टुडिओवाल्याला काय कळवू? आणि एकूणच काय काय तयारी करून जावं? जाणकारांनी सविस्तर लिहा.

फेडर

मूळचा वेंगुर्ल्याचा, मुंबईत स्टुडिओत काम करतो. तुमच्या स्टुडिओवाल्याने योग्य तेच विचारलंय. जो हे न विचारता "या, बघू" म्हणतो त्याच्याकडे तुमचा अर्धा दिवस बघण्यातच जातो.

टेम्पोचं उत्तर बुवा देणार नाहीत आणि पखवाजवालाही देणार नाही, कारण दोघांनी तो कधी मोजलेलाच नाही. तालमीला चारही चीजा सलग मोबाइलवर घ्या. मोबाइलवर टॅप टेम्पोची ॲप फुकट मिळतात. रेकॉर्डिंग ऐकत मात्रेवर बोट आपटत जा, मिनिटाला किती मात्रा तो आकडा येतो. प्रत्येक चीजेचे दोन आकडे लिहा, सुरुवातीचा आणि शेवटचा. अभंगात दोन्ही जवळपास असतील, गजरात नसतील. हा फरकच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरवणार आहे.

ट्रॅकवर म्हणजे काय ते थोडक्यात. कानात मेट्रोनोमची टिकटिक, म्हणजे क्लिक, चालू असते. आधी कुणीतरी कच्चं गातो, त्याला आम्ही डमी म्हणतो. त्यावर पखवाज, मग पेटी, मग कोरस, शेवटी बुवांचा खरा आवाज, असं एकेक चढवत जातात. चूक झाली तर तेवढीच ओळ परत घेता येते. लाइव्ह म्हणजे सगळे एकदम. त्यात बुवांच्या माइकमध्ये पखवाज शिरतो आणि पखवाजाच्या माइकमध्ये बुवा. मग एक ओळ बेसूर झाली तर नुसती तेवढी काढता येत नाही, कारण तिच्यामागे पखवाजही वाजतोय. मागच्या पखवाजासकट कापावी लागते.

पखवाजी

भजनाला क्लिक लावू नका, ही हात जोडून विनंती. गजर समजा १०० ला उचलला आणि १५० ला सोडला, तर तो चढ हाच गजर आहे. क्लिकवर तो एकाच जागी उभा राहतो. आमच्या भागातल्या मंडळांची अशी रेकॉर्डिंगं ऐकलीत. सगळं स्वच्छ, सगळं सुरात, आणि ऐकताना मान हलत नाही.

फेडर

पखवाजीबुवा, गजरापुरतं शंभर टक्के मान्य. पण बाकीच्या चीजांना सरसकट नको म्हणू नका. एका दिवसात चार चीजा उरकायच्या आहेत. रूपावली आणि अभंग क्लिकवर घेतले तर वेळ वाचतो, तो गजराला मिळतो. क्लिक चढतीसुद्धा करता येते, सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो कुठून कुठे जायचा ते आखून देता येतं. पण खरं सांगायचं तर ती आखीव चढण कानाला कळते. माणूस चढतो तेव्हा आधी थोडा रेंगाळतो आणि मग एकदम झेपावतो. ते आखता येत नाही.

रानभेंडी

क्लिकवर घ्यायचं असेल तर आजपासून मेट्रोनोम लावून तालीम करा. पहिल्यांदा क्लिक स्टुडिओत ऐकलीत तर सगळ्यांची नजर घड्याळावर आणि कान टिकटिकीवर, गाणं कुणाकडेच नाही. नुसती टिकटिक जमत नसेल तर तबला-तानपुऱ्याच्या ॲपवर आठ मात्रांचा भजनी ठेका लावा आणि त्यावर गा. आपल्या लोकांना ते पटकन साधतं. स्टुडिओतही क्लिकऐवजी ठेका देतात, आधी सांगून ठेवा.

मालवणी खाजा

अरे बाबांनू, ह्या सगळा बरोबर आसा, पण पयलो हेडफोनाचो बंदोबस्त करा. आमच्या बुवांका कानार हेडफोन लावलो, तर बुवा एवढ्या मोठ्यान गावक लागले की काचेपलीकडचो माणूस खुर्चेतसून उठलो. तेंका आपलो आवाजच ऐकाक येय नाय होतो. मगे हेडफोनातलो आवाज वाढवलो, तर बुवा पुटपुटाक लागले. दुपारपर्यंत ह्याच चल्ला. शेवटाक बुवांनी एक कान मोकळो ठेवलो, तेवा खय गाडी रुळार इली.

फेडर

खाजा, हसलो खूप, पण हे अगदी रोजचं आहे. स्वतःचा आवाज कानात कमी असेल तर माणूस ओरडतो आणि सूर वर जातो, जास्त असेल तर दबून गातो. म्हणून हेडफोनमध्ये कुणाला काय किती पाहिजे ते बेधडक मागा. "मला पखवाज कमी द्या, पेटी वाढवा." संकोच करू नका, ते आमचं कामच आहे. गावाकडून आलेली माणसं "चालेल, चालेल" म्हणत तीन तास चुकीच्या आवाजावर गातात आणि बाहेर पडताना सांगतात की काही ऐकूच येत नव्हतं.

एक कान मोकळा ठेवायला हरकत नाही. फक्त तो मोकळा हेडफोन कानामागे डोक्यावर दाबून बसवा, किंवा त्या बाजूचा आवाज बंद करून घ्या. हवेत लटकला की त्यातली क्लिक बुवांच्या माइकमध्ये शिरते आणि अभंगाच्या शांत जागेत टिक टिक ऐकू येते. ती नंतर निघत नाही.

माइकचंही तसंच. स्टेजवर माइक ओठाला लावून गायची सवय असते. स्टुडिओतला कंडेन्सर माइक नाजूक असतो, त्याच्यापासून साधारण एक वीत लांब उभं राहायचं, मध्ये पॉप फिल्टरची जाळी. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, आणि "पांडुरंग"मधला 'प' फटकन आपटतो. तालमीला तोंडासमोर वितीवर वही धरून गाऊन बघा. मान न हलवता गाणं आपल्या बुवालोकांना किती जड जातं ते कळेल.

पखवाजी

आता वाद्यांचं लिहितो, कारण ते कुणी लिहिणार नाही.

तुम्ही आषाढात जाणार, देवगडातून. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पखवाजाचं चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. तुम्ही इथे ठोकून पांढरी चारला आणणार, फोंडाघाट चढून जाणार, आणि वर जाऊन एसीच्या खोलीत बसणार. एसी हवा सुकी करतो, चामडं आवळतं, सूर चढतो. तासाभरात पखवाज पेटीच्या वर गेलेला असतो, आणि तो हळूहळू चढत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या चीजेचा पखवाज आणि तिसऱ्या चीजेचा पखवाज एकामागोमाग लावले की मग कळतं. म्हणून पोचल्यावर वाद्यं आधी आत नेऊन खोळीतून बाहेर काढून ठेवा, चहापाणी नंतर. निदान अर्धा तास त्या हवेत बसू द्या, मग ठोका. आणि प्रत्येक टेकच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फेरीच्या, आधी 'सा' तपासा, कंटाळा आला तरी.

दुसरं, कणीक. धुमाला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावलेली कणीक एसीत लवकर सुकते. कडा आधी पांढुरक्या होतात, मग भेगा पडतात, आणि 'गं' पोकळ यायला लागतो. त्यातच एखादी खपली सुटली की चामड्यावर खडखडते, आणि कंडेन्सर माइकला ते बरोबर ऐकू जातं. घरूनच कणीक नीट मळून डब्यात, वर ओलं फडकं. शिवाय सुकं पीठ वेगळं न्या. पाण्याची लहान बाटली आणि हात पुसायला पंचा. स्टुडिओत कणीक मळायला जागा मागितली तर लोक बघत राहतात, त्यांना आधी सांगितलेलं बरं. हातोडी विसरू नका, ती कोल्हापुरात ऐनवेळी कुणी देणार नाही.

आबोली

पेटीचं कुणी बोललं नाही. पेटी ट्यूनरवर तपासून घ्या. हल्लीचे कीबोर्ड, तानपुऱ्याची ॲप, सगळी 'ए' हा सूर बरोबर ४४० हर्ट्झ धरून चालतात. आपल्या जुन्या पेट्या बऱ्याचदा त्याच्या थोड्या वर किंवा खाली असतात. भजनाला बसल्यावर कळत नाही, कारण सगळे पेटीलाच मिळवून घेतात. पण नंतर मुंबईकरांपैकी कुणाला हौस आली की "थोडी बासरी टाकू, मागे कीबोर्ड टाकू", तर सगळं घासायला लागतं. पेटी ऐनवेळी लावता येत नाही, ते कारागिराचं काम, सूर एकेक घासून आणावे लागतात. तेव्हा कीबोर्डनेच पेटीकडे यावं. कीबोर्डमध्ये बारीक ट्यूनिंगची सोय असते. पेटी किती हर्ट्झवर आहे तो आकडा मात्र लिहून न्या.

आणि भात्याचा कर्रर्र, पट्ट्यांची खटखट! घरी कान सरावलेले असतात. रात्री पंखा बंद करून, पेटीजवळ मोबाइल ठेवून दोन मिनिटं वाजवा आणि हेडफोन लावून ऐका. जे ऐकू येईल ते स्टुडिओत दुप्पट येईल.

खाडीपलीकडचा

आबोलीताई, ऐकलं. पट्ट्या बऱ्यापैकी खटखटतात. बुवांना सांगितलं तर म्हणाले, पेटी माझ्या वडिलांपासूनची आहे, तिला नावं ठेवू नका. फेडर, पेटी दुसऱ्याने वाजवून बुवांनी नुसतं गायलं तर?

फेडर

कागदावर तेच बरोबर. पण वर्षानुवर्षं पेटीवर हात ठेवून गाणाऱ्या माणसाला नुसतं उभं केलं की त्याचे हात कुठे ठेवावे हाच प्रश्न होतो. जागा सुचत नाहीत. ताना बोटांतून येतात असं म्हटलं तरी चालेल. मी असतो तर बुवांना पेटीसकट बसवलं असतं, आवाजाला एक माइक, पेटीला एक, आणि दोन्हींचा थोडा मिसळलेला आवाज पत्करला असता. पट्ट्यांखालचा नमदा, म्हणजे मऊ लोकरी कापड, कारागिराकडून बदलून घ्या, खटखट बरीच कमी होते. वडिलांच्या पेटीला धक्का लागत नाही.

झांज मात्र शक्यतो शेवटी वेगळी घ्या. ती सगळ्यांच्या माइकमध्ये शिरते आणि तिथून निघत नाही.

पखवाजी

इथे असहमत. झांजेशिवाय पखवाज उचल घेत नाही. गजरात तर आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघून चढतो.

फेडर

मग गजरात झांज आत, पण दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये पार्टिशन आणि दोघांना एकमेकांचे हात दिसतील असं. बाकी तीन चीजांत नंतर. चालेल?

पखवाजी

चालेल.

सोलकढी फॅन

गळ्यासाठी काय? आदल्या दिवसापासून मासे, ताक, आंबट बंद करायचं ना? आमच्याकडे बुवांना ज्येष्ठमध आणि गरम पाणी देतात.

आबोली

मासे खाऊ दे हो, देवगडचा माणूस त्याशिवाय गाणार कसा! ज्या गोष्टीने ज्याला त्रास होतो ती त्याने टाळावी, एवढंच. जे रोज खाता तेच खा, फक्त रात्री उशिरा तेलकट-तिखट नको, पित्त वर येऊन घसा धरतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्यामुळे माइकसमोर घटाघट पाणी प्यायल्याने स्वरतंतू लगेच ओले होत नाहीत. शरीरात पाणी पुरेसं असावं लागतं, म्हणजे आदल्या दिवसापासूनच पीत राहायचं. लगेच पोचते ती वाफ. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, घेऊ दे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आदल्या रात्री जागरण नको आणि गाडीत गप्पा नकोत. घाटात इंजिनाच्या आवाजावर ओरडून बोलत गेलात की बुवांचा आवाज राधानगरीतच संपतो. शक्य तर आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा.

रानभेंडी

किरकोळ पण कामाचं. खळ घातलेले सदरे घालून जाऊ नका, प्रत्येक हालचालीला कागदासारखे वाजतात. मऊ जुने कपडे. बांगड्या, कडी, खिशातल्या किल्ल्या, सुटे पैसे सगळं बाहेर. शब्द मोठ्या अक्षरात, एका चीजेला एकच पान, पान उलटायचा आवाज येतो. कोरसने कुठे काय किती वेळा म्हणायचं ते पानावर लिहा. "बुवा खूण करतील" यावर राहू नका, स्टुडिओत बुवा कदाचित काचेपलीकडे असतील आणि कोरसला त्यांची फक्त टोपी दिसेल.

आणि व्हिडिओ! मुंबईकर कॅमेरा घेऊन येतील. त्या दिवशी शूटिंग करू देऊ नका. "जरा इकडे बघा, परत एकदा" यात रेकॉर्डिंगचे तास जातात. गाणं तयार झाल्यावर गावच्या देवळात बसून त्यावर शूट करा, दिसायलाही तेच चांगलं.

कातळशिल्प

उशिरा आलो, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. गजराची चाल कुठली? आपल्याकडे निम्मे गजर सिनेमाच्या चालीवर असतात, खरं की नाही?

खाडीपलीकडचा

खरं आहे. आमचाही तसाच आहे. गाजलेल्या गाण्याची चाल आहे, शब्द बुवांचे.

कातळशिल्प

मग थांबा. देवळात गायलात तर कुणी विचारत नाही. यूट्यूबवर टाकलंत की तिथली कंटेंट आयडीची, म्हणजे दुसऱ्याच्या हक्काची गाणी आपोआप शोधणारी, यंत्रणा चालही ओळखू शकते. दावा येतो, कमाई चालीच्या मालकाकडे जाते किंवा व्हिडिओ अडतो. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शब्द आणि चाल दोन्हींवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा, पण त्याला अलीकडच्या संगीतकाराने लावलेली चाल त्या संगीतकाराची. "संतांचं आहे, त्याला कसला हक्क" हे चालीला लागू पडत नाही.

कव्हरसाठी, म्हणजे आधीचं गाणं आपण पुन्हा गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, त्याच कायद्यात कलम ३१सी आहे. मूळ रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपून ५ कॅलेंडर वर्षं झाली की आगाऊ सूचना देऊन, रॉयल्टी भरून कव्हर करता येतं. पण रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने, आणि शब्द बदलून नवं काही करायला ते कलम नाहीच. तुमचा गजर त्यात बसत नाही. माझं मत विचाराल तर पारंपरिक चालीचा गजर घ्या, किंवा बुवांनाच चाल बांधू द्या. शब्द रचू शकतात तर चालही रचतील.

मालवणी खाजा

बुवांका चाल बांधूक सांगा आणि बगा, मूळ सिनेमाचीच परत येतली, फक्त उलटी!

खाडीपलीकडचा

😄 खाजा, बुवांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, त्याला तालमीला बोलवा.

असो. तालमीला बसलो काल. ठरलं ते असं : रूपावली आणि अभंग ठेक्यावर, गौळण अजून वादात आहे, गजर सगळे एकदम, क्लिकशिवाय, आणि चाल जुनी, बुवांच्या गुरूंकडून आलेली पारंपरिक. दोन्ही टोकांचे टेम्पो मोजले. अभंग सुरुवात ७६, शेवट ८०. गजर ९४ वरून १४८. पखवाजवाला म्हणाला एवढा चढतो हे मलाच ठाऊक नव्हतं. पेटी ४४४ वर निघाली. पट्ट्यांचा नमदा बदलायला कणकवलीला पाठवतोय.

शेवटचा प्रश्न, स्टुडिओकडून घरी येताना काय घेऊन यायचं? मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या मंडळाला एका स्टुडिओने नुसती एमपीथ्री दिली. नंतर आवाज वर-खाली करायचा तर फाइलीच नाहीत म्हणाले.

फेडर

हे पैसे देण्याआधी ठरवा, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. तीन गोष्टी मागा : तयार गाणं वेव्ह फाइलमध्ये, तेच गाणं एमपीथ्रीत पाठवापाठवीसाठी, आणि प्रत्येक वाद्याचा-आवाजाचा सुटा ट्रॅक. सुटे ट्रॅक जड असतात. सहा मिनिटांची चीज, सोळा ट्रॅक, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला घेतली तर एका टेकचेच ८०० एमबीच्या वर जातात. चार चीजा आणि प्रत्येकाचे दोन-तीन टेक, म्हणजे पेन ड्राइव्हवर भागवू नका, हार्ड डिस्क घेऊन जा आणि तिथेच उघडून बघा. मिक्सिंग त्याच दिवशी होणार नाही, होत असेल तर करून घेऊ नका, दिवसभर ऐकून कान थकलेले असतात. पहिलं मिक्स आलं की किती वेळा बदल सांगता येतील तेही आधी विचारा. बरेच जण दोनदा देतात, पुढे पैसे लावतात. ते सांगायला मंडळातर्फे एकच माणूस ठेवा. ग्रुपवर टाकलंत तर झांजवाला झांज वाढवायला सांगेल आणि कोरसवाला कोरस.

स्टुडिओचं भाडं तासावर की शिफ्टवर, माइक लावण्याचा वेळ त्यात धरतात का, आणि लाईट गेली तर जनरेटर आहे का, हेही विचारून घ्या.

पखवाजी

गौळणीचा वाद काय आहे? ती क्लिकवर नको.

खाडीपलीकडचा

बुवा म्हणतात क्लिकवर. तुम्ही रविवारी तालमीला येता का? कणीक घेऊन या.